ताण, ताप आणि मर्यादा : संगणकाच्या भार-चाचणीविषयी

संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीची नोंदणी, परीक्षेचा निकाल, प्रकल्पाचा अहवाल, नोकरीसाठीची मुलाखत या साऱ्या गोष्टी त्याच्याच द्वारे होतात. परंतु नवा संगणक विकत घेणे प्रत्येक कुटुंबाला परवडतेच असे नाही. म्हणून कार्यालयांतून बाद झालेले, पाच-सात वर्षे वापरलेले संगणक बाजारातून घेतले जातात. अनेक ठिकाणी माजी विद्यार्थी एकत्र येऊन असेच संगणक आपल्या शाळेला वा वसतिगृहाला भेट देतात. हा व्यवहार चांगलाच आहे. मात्र विक्रेता यंत्र सुरू करून दाखवतो, पडदा उजळतो, आणि सर्वांचे समाधान होते, येथे एक मोठी उणीव राहून जाते. पाच मिनिटे चालणे आणि मे महिन्यातील दुपारी सलग चार तास चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी यंत्र अचानक बंद पडले, तर त्याची किंमत केवळ दुरुस्तीच्या रुपयांत मोजता येत नाही. एखाद्या मुलाचे वर्ष त्यात जाऊ शकते.

ही उणीव भरून काढण्याचा शास्त्रीय मार्ग म्हणजे ताण-चाचणी. संगणकावर जाणूनबुजून मोठे काम लादावयाचे आणि तो किती वेळ, किती तापमानात, किती अचूकपणे ते पेलतो हे पाहावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. नव्या पुलावरून वाहतूक सुरू करण्यापूर्वी त्यावर भरलेली वाहने उभी करून तो किती वाकतो हे मोजतात, तसाच हा प्रकार. मात्र पुलाची चाचणी करणारा अभियंता पूल कोसळेपर्यंत वाहने चढवीत नाही. तो ठरावीक भार ठेवतो, मोजतो, नोंद करतो आणि भार उतरवतो. संगणकाच्या बाबतीत हा विवेक पुष्कळदा सुटतो. मिळेल तो कार्यक्रम चालवून प्रोसेसरला पूर्ण जुंपले जाते आणि यंत्र बंद पडले नाही म्हणजे ते उत्तम, असा निष्कर्ष काढला जातो. भार आणि उष्णता ही दोन्ही आपल्या ताब्यात नसतील, तर अशा चाचणीतून यंत्राविषयी फारसे काही कळत नाही. उलट धडधाकट यंत्राला इजा होण्याचा धोका मात्र निर्माण होतो. हा ताबा कसा ठेवावा, हे समजावून सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

उष्णता येते कोठून?

बोलीभाषेत आपण टेबलाखालच्या संपूर्ण पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतो. वस्तुतः सीपीयू किंवा प्रोसेसर म्हणजे त्या पेटीच्या आत, मदरबोर्डवर बसवलेली एक लहानशी चकती होय. या चकतीतील सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर कोट्यवधी सूक्ष्म विद्युत्-कळा असतात. त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. प्रत्येक आकडेमोडीत यांतील असंख्य कळा उघडतात आणि मिटतात. प्रत्येक उघडझापीला थोडीशी वीज खर्च होते आणि त्या विजेचे अखेर उष्णतेतच रूपांतर होते. पंखा विजेपासून वारा देतो, दिवा प्रकाश देतो. प्रोसेसर मात्र जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सर्वच उष्णतेच्या रूपाने परत करतो. साठ वॅट वीज घेणारा प्रोसेसर म्हणजे साठ वॅटची एक छोटी शेगडीच समजावी.

या उष्णतेचे गणित सोपे आहे. कळांच्या उघडझापीत खर्च होणारी शक्ती ही घड्याळाच्या वेगाच्या, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते. परंतु विद्युत्-दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यातून एक उपयुक्त गोष्ट निघते. वेग वीस टक्क्यांनी आणि त्यासोबत दाब दहा टक्क्यांनी कमी केला, तर खर्च मूळच्या सुमारे पासष्ट टक्क्यांवर येतो. काम एक-पंचमांशाने कमी झाले, पण उष्णता एक-तृतीयांशाहून अधिक घटली. उष्णतेवर ताबा ठेवण्याच्या बहुतेक युक्त्यांचे मूळ या एका नियमात आहे.

या क्षेत्राच्या इतिहासाची दिशादेखील उष्णतेनेच बदलली. १९७४ साली आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ट्रान्झिस्टर लहान करीत गेल्यास त्याच प्रमाणात दाबही कमी करता येतो आणि तेवढ्याच जागेत अधिक कळा बसवूनही उष्णता वाढत नाही. त्यानंतरची तीन दशके संगणकाचा वेग सतत वाढत गेला, त्यामागे हे तत्त्व होते. २००५च्या सुमारास ते थकले. कळा इतक्या सूक्ष्म झाल्या की मिटलेल्या असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली आणि दाब आणखी उतरवणे कठीण झाले. २००४ साली इंटेल कंपनीने अधिक वेगाच्या एका नियोजित प्रोसेसरचा प्रकल्प सोडून दिला. त्यानंतर एकाच चकतीत दोन, चार, आठ गाभे म्हणजे कोअर बसवण्याचा मार्ग उद्योगाने स्वीकारला. आज आपल्या संगणकात ‘क्वाड-कोअर’ प्रोसेसर असतो त्यामागे उष्णतेची ही अडचण आहे.

उष्णता जाते कोठून?

निर्माण झालेली उष्णता बाहेर टाकण्यासाठी प्रोसेसरवर धातूच्या पात्यांचा हीटसिंक बसवलेला असतो. चकती आणि हीटसिंक यांच्यामधील अतिसूक्ष्म फटी भरून काढण्यासाठी थर्मल पेस्टचा पातळ थर दिलेला असतो. हीटसिंकवरचा पंखा ती उष्णता हवेत ढकलतो, कॅबिनेटचा पंखा ती हवा पेटीबाहेर काढतो आणि शेवटी ती उष्णता खोलीत येते. ही एक साखळी आहे. तिची कोणतीही एक कडी कमजोर असली तरी उष्णता वाटेत अडते. जुन्या संगणकात बहुधा हेच घडलेले असते. पेस्ट वाळून तिची भुकटी झालेली असते, पात्यांमध्ये धूळ व कापसाचे तंतू घट्ट बसलेले असतात, पंख्याचे बेअरिंग झिजलेले असते.

या साखळीचा अडथळा एका आकड्यात मांडता येतो. प्रत्येक वॅटमागे प्रोसेसरचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा किती अंशांनी वाढते, तो हा आकडा. समजुतीसाठी एक उदाहरण घेऊ. प्रोसेसर साठ वॅट वीज घेतो आणि प्रत्येक वॅटमागे तापमान ०.६ अंशाने वाढते असे धरू. म्हणजे एकूण वाढ ३६ अंश सेल्सिअस झाली. कॅबिनेटमधील हवा ३० अंशांवर असेल, तर प्रोसेसर ६६ अंशांवर राहील. उन्हाळ्यात तीच हवा ४५ अंशांवर गेली, तर तो ८१ अंशांवर जाईल. आता धुळीमुळे व वाळलेल्या पेस्टमुळे अडथळा दुप्पट, म्हणजे १.२ झाला असे समजा. वाढ ७२ अंश होईल आणि उन्हाळ्यातील तापमान ११७ अंशांवर पोहोचेल. आजच्या अनेक प्रोसेसरांची सुरक्षित मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते आणि काही जुन्या प्रोसेसरांची तर याहूनही कमी असते. अर्थात, हिवाळ्यात कुरकूर न करता चालणारे हे यंत्र मे महिन्यात टिकणार नाही.

या साध्या बेरजेत चाचणीचे एक महत्त्वाचे सूत्र दडलेले आहे. प्रोसेसरचे नुसते तापमान नोंदवणे पुरेसे नाही. त्या वेळी खोलीचे तापमान किती होते हेही लिहून ठेवले पाहिजे. त्या दोहोंतील फरक हा यंत्राचा स्वतःचा गुण होय. खोलीचे तापमान जितके वाढते, जवळजवळ तितकेच प्रोसेसरचेही वाढते. विदर्भात मे महिन्यातील पारा ४५ अंशांपुढे जातो, हे नागपूर-चंद्रपूरकडील वाचकांना सांगावयास नको. डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत पूर्ण भाराखाली ८० अंश दाखवणारे यंत्र उत्तीर्ण वाटेल. परंतु त्याचा फरक ६० अंशांचा आहे. हीच खोली उन्हाळ्यात ४० अंशांवर गेली की साठ अधिक चाळीस म्हणजे शंभर, आणि यंत्र मर्यादेवर येऊन ठेपते.

यंत्र आपला ताप लपवते

येथे एक प्रश्न उद्भवतो. मर्यादा ओलांडली की प्रोसेसर जळून का जात नाही? पूर्वी तो जळत असे. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संगणकविषयक प्रकाशनाने केलेला एक प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. चालू संगणकांवरील हीटसिंक काढून घेतल्यास काय होते हे त्यांनी चित्रीत केले. एएमडी कंपनीचा त्या काळचा अ‍ॅथलॉन प्रोसेसर काही क्षणांतच जळून निकामी झाला. इंटेलचा पेंटियम थ्री थिजला, म्हणजे आपण म्हणतो तसा ‘हँग’ झाला, पण वाचला. पेंटियम फोर मात्र बंदही पडला नाही. त्याच्या पोटातील तापमापकाने धोका ओळखून वेग एकदम उतरवला आणि काम अतिशय मंद गतीने सुरूच राहिले. या प्रयोगाने अंगभूत संरक्षणाचे महत्त्व सर्वांना पटले.

आज जवळजवळ प्रत्येक प्रोसेसरमध्ये हे संरक्षण दोन पायऱ्यांचे असते. तापमान मर्यादेजवळ आले की तो आपला वेग व दाब उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही तापमान वाढतच राहिले, तर संगणक आपणहून बंद होतो. म्हणून योग्य रीतीने केलेल्या चाचणीत प्रोसेसर जळण्याची भीती फारशी उरलेली नाही. तथापि या संरक्षणानेच चाचणी करणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते. हीटसिंक धुळीने भरलेला असतानाही यंत्र तासभर चालू राहते, तापमान ९९ अंशांवर स्थिर दिसते आणि पाहणारा म्हणतो, ‘टिकला!’ प्रत्यक्षात त्याचा वेग निम्म्यावर आलेला असतो. ज्या संगणकाविषयी ‘सकाळी नीट चालतो, दुपारी सुस्तावतो’ अशी तक्रार असते, त्याच्याविषयी विषाणूचा संशय घेण्याआधी हे एकदा तपासावे. चाचणीच्या वेळी तापमानाच्या शेजारी घड्याळाचा वेगही पाहिला पाहिजे. तापमान मर्यादेवर आणि वेग घसरलेला, अशी जोडी दिसली की ते यंत्र अनुत्तीर्ण समजावे, मग ते चालू असो वा नसो.

प्रोसेसरला संरक्षण असले तरी त्याच्या शेजाऱ्यांना ते असतेच असे नाही, हेही ध्यानात घ्यावे. मदरबोर्डवरील व वीजपुरवठ्याच्या पेटीतील, म्हणजे एसएमपीएसमधील, द्रवयुक्त कपॅसिटरांचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. माथा फुगलेले वा चिकट द्रव गळणारे कपॅसिटर दिसले, तर त्या यंत्रावर ताण-चाचणी करूच नये. आधी ते बदलून घ्यावेत.

शंभर टक्के भार म्हणजे काय?

टास्क मॅनेजर उघडल्यावर प्रोसेसरचा भार टक्केवारीत दिसतो. हा आकडा मुख्यतः वेळेचा हिशेब आहे. प्रोसेसर किती वेळ कामात होता आणि किती वेळ रिकामा होता, एवढेच त्यातून कळते. काम कोणते होते, हे कळत नाही. डोक्यावर टोपली घेऊन दिवसभर चालणारा आणि सिमेंटची पोती दिवसभर वाहणारा, या दोघांचीही हजेरी पूर्ण दिवसाचीच लागते. श्रम मात्र सारखे नसतात. त्याचप्रमाणे साधी बेरीज करणारा एखादा कार्यक्रम प्रोसेसर शंभर टक्के व्यापूनही त्याला फारसे तापवणार नाही, आणि एकाच वेळी अनेक मोठ्या अपूर्णांकी संख्यांचा गुणाकार करणारा दुसरा कार्यक्रम तेवढ्याच शंभर टक्क्यांत तापमान वीस अंशांनी अधिक चढवील. म्हणून ‘पूर्ण भारावर चाचणी केली’ हे विधान अपुरे आहे. कोणत्या कामाने केली, तेही सांगावे लागते.

या कामासाठी जगभर वापरला जाणारा एक कार्यक्रम म्हणजे प्राइम९५. त्याची जन्मकथा मनोरंजक आहे. दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या विशिष्ट मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. त्या शोधण्यासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली एक जागतिक प्रकल्प सुरू केला आणि सामान्य लोकांच्या संगणकांचा रिकामा वेळ त्यासाठी वापरला. ही आकडेमोड इतकी प्रचंड आणि सलग असते की प्रोसेसरमधील लहानसा दोषही तिच्यात उघड होतो. म्हणून याच कार्यक्रमात यंत्र पारखण्याची सोय करण्यात आली. येथे उत्तरे आधीच ठाऊक असतात. यंत्राने काढलेले उत्तर त्यांच्याशी ताडून पाहिले जाते आणि फरक पडताच चाचणी थांबवून तसे सांगितले जाते.

उत्तर ताडून पाहण्याची ही बाब गौण नव्हे. १९९४ साली अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली मूळ संख्यांविषयीच संशोधन करीत असता त्यांना पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात चूक आढळली. यंत्र तापत नव्हते, बंद पडत नव्हते. फक्त काही विशिष्ट भागाकार चुकीचे करीत होते. या एका दोषापायी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड सोसावा लागला. पुढे २०१६च्या आरंभी इंटेलच्या सहाव्या पिढीतील प्रोसेसर प्राइम९५च्या एका विशिष्ट आकडेमोडीत थिजतात असे आढळले आणि कंपनीने दोष मान्य करून दुरुस्ती उपलब्ध करून दिली. हे दोष रचनेतले होते. जुन्या यंत्रात मात्र तशाच चुका उष्णतेमुळे, दुबळ्या वीजपुरवठ्यामुळे किंवा बिघडलेल्या रॅममुळे होतात. चाचणीत तापमान, वेग आणि उत्तराची अचूकता या तिन्ही गोष्टी पाहावयाच्या त्या यासाठीच.

भाराला लगाम कसा घालावा?

भार नियंत्रित करण्याचे चार मार्ग आहेत.

पहिला मार्ग गाभ्यांच्या संख्येचा. चार गाभ्यांपैकी आधी एकालाच काम द्यावे, मग दोघांना, मग चौघांना. बहुतेक चाचणी-कार्यक्रमांत किती गाभे वापरावयाचे ते निवडता येते.

दुसरा मार्ग काम व विश्रांती यांच्या प्रमाणाचा. लिनक्स प्रणालीतील स्ट्रेस-एनजी या विनामूल्य कार्यक्रमाला ‘पन्नास टक्के भार ठेव’ असे सांगता येते. तो थोडा वेळ पूर्ण काम करतो, थोडा वेळ थांबतो आणि सरासरी पन्नास टक्के राखतो. सिलिकॉनचा तुकडा क्षणार्धात तापतो व निवतो. धातूचा हीटसिंक मात्र तापण्यास काही मिनिटे घेतो. काम-विश्रांतीची अदलाबदल जलद असल्यामुळे हीटसिंकला ती सरासरी म्हणूनच जाणवते. दोन मिनिटांत चाचणी आटोपणे निरर्थक का, याचेही उत्तर येथेच आहे. तेवढ्या अवधीत हीटसिंक पुरता तापलेलाच नसतो.

तिसरा मार्ग वेगाच्या मर्यादेचा. विंडोज प्रणालीच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था टक्केवारीत ठरवण्याची सोय असते. ती शंभराऐवजी नव्व्याण्णव केली, तरी बहुतेक यंत्रांत टर्बो म्हणजे तात्पुरता वाढीव वेग बंद होतो आणि तापमान लक्षणीय उतरते. वर सांगितलेल्या वेग व दाबाच्या नियमाचाच हा प्रत्यक्ष उपयोग. तापणाऱ्या जुन्या लॅपटॉपसाठी हा उपाय चाचणीनंतरही कायम ठेवण्यासारखा आहे.

चौथा मार्ग वेळेचा. चाचणी सुरू करतानाच ती कधी थांबेल हे ठरवून कार्यक्रमाला सांगावे. चाचणी लावून बाहेर निघून जाणे योग्य नव्हे.

चाचणीची रीत

प्रथम यंत्रातील महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर वा अन्यत्र उतरवून घ्याव्यात. ज्या यंत्रात एखाद्याच्या कामाची एकमेव प्रत आहे, त्यावर चाचणी करू नये. त्यानंतर यंत्र बंद करून, वीज तोडून कॅबिनेट उघडावे आणि धूळ काढावी. ब्लोअर वापरताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. वाऱ्याच्या जोराने ते अतिवेगाने फिरल्यास बेअरिंग खराब होते. पेस्ट वाळली असेल तर जुनी पुसून तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी नवी लावावी. झाकण पुन्हा बसवूनच चाचणी करावी, कारण रोजच्या वापरात झाकण लावलेलेच असणार.

मग तापमान दाखवणारा कार्यक्रम सुरू करावा. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प आणि लिनक्सवर एलएम-सेन्सर्स हे विनामूल्य मिळतात. आपल्या प्रोसेसरच्या नेमक्या नमुन्याची कमाल मर्यादा निर्मात्याच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावी आणि तिच्याहून दहा अंश खाली आपली थांबण्याची रेषा आखावी. शंभरची मर्यादा असेल तर नव्वदला थांबावयाचे, हे आधी ठरलेले असावे. खोलीचे तापमान आणि काहीही काम नसतानाचे प्रोसेसरचे तापमान वहीत लिहावे.

त्यानंतर एका गाभ्यावर दहा मिनिटे, अर्ध्या गाभ्यांवर दहा मिनिटे, सर्व गाभ्यांवर पन्नास टक्के भाराने दहा मिनिटे आणि शेवटी सर्व गाभ्यांवर पूर्ण भाराने अर्धा तास, अशा पायऱ्यांनी जावे. प्रत्येक पायरीच्या शेवटी तापमान, वेग आणि पंख्याची स्थिती नोंदवावी. तापमान रेषेला टेकले, जळका वास आला, पंख्याचा आवाज बदलला, पडद्यावर रेघा उमटल्या किंवा उत्तराची चूक दाखवली गेली, तर तेथेच थांबावे. थांबल्यावर यंत्र लगेच बंद न करता पाच मिनिटे रिकामे चालू ठेवावे, म्हणजे पंखा साठलेली उष्णता बाहेर काढील. मात्र जळका वास आला असेल तर क्षणाचाही विलंब न लावता वीज तोडावी.

लॅपटॉपची चाचणी टणक, सपाट पृष्ठभागावर करावी. गादीवर वा उशीवर ठेवल्यास खालील झरोके बंद होतात. बॅटरी फुगलेली दिसल्यास चाचणी करू नये आणि ती बॅटरी वापरूही नये.

एका खोलीत वीस संगणक

शाळेच्या संगणक-कक्षाचा प्रश्न थोडा निराळा आहे. भाराखालील एक संगणक पडद्यासह १२० वॅट वीज घेतो असे धरले, तर वीस संगणक २,४०० वॅट घेतील. म्हणजे बंद खोलीत एक हजार वॅटचे दोन हीटर अखंड चालू ठेवल्यासारखे होईल. सर्व यंत्रांची चाचणी एकाच वेळी केल्यास खोली तापते, खोलीमुळे यंत्रे तापतात आणि दोष यंत्राचा की खोलीचा हे कळेनासे होते. शिवाय जुन्या वायरिंगवर व यूपीएसवर अवाजवी ताण येतो. यासाठी चार-चार यंत्रांचे गट करावेत. एकेक यंत्र तपासून झाल्यावर मात्र एकदा सर्व यंत्रांवर रोजच्या वापराइतका भार ठेवून खोलीची परीक्षा अवश्य घ्यावी. भिंतीला खेटून ठेवलेली कॅबिनेटे वीतभर पुढे ओढणे, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे, गरम हवा बाहेर टाकणारा एक्झॉस्ट पंखा वरच्या बाजूला बसवणे, या अल्पखर्ची उपायांनी तापमान उतरू शकते.

मोठ्या प्रमाणावर हाच प्रश्न महासंगणकांपुढे उभा असतो. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची यादी १९९३पासून प्रसिद्ध होते आणि तिच्यातील क्रम लिनपॅक नावाच्या गणिती चाचणीवरून ठरतो. ही चाचणीदेखील संपूर्ण यंत्राला पूर्ण भाराने जुंपते. नोव्हेंबर २००७च्या यादीत पुण्याच्या ‘एका’ या महासंगणकाने चौथा क्रमांक मिळवला होता. हजारो प्रोसेसर अशा भाराखाली एकत्र चालवावयाचे म्हणजे त्या सर्वांची उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्थाही तितकीच समर्थ असावी लागते. वसतिगृहातील खोली असो की महासंगणकाचे दालन, नियम दोन्हीकडे एकच आहेत.

निकालाचे वाचन

चाचणीनंतर यंत्रांची तीन गटांत विभागणी करावी. उन्हाळ्यातील खोलीचे तापमान मिळवूनही जी यंत्रे थांबण्याच्या रेषेखाली राहतील, ती निर्धास्तपणे द्यावीत. जी यंत्रे हिवाळ्यात उत्तीर्ण पण उन्हाळ्याच्या हिशेबात अनुत्तीर्ण होतील, त्यांची पेस्ट व पंखा बदलावा किंवा त्यांचा कमाल वेग उतरवून ठेवावा. लेखन, वाचन, अर्ज भरणे व ध्वनिचित्रफिती पाहणे यांसाठी उतरवलेला वेग पुरेसा असतो. थोड्या मंद पण न अडखळणाऱ्या यंत्राची विद्यार्थ्याला अधिक सोबत होते. ज्या यंत्रांत उत्तरे चुकतात, ती तापमान कमी असले तरी कोणाच्या हाती देऊ नयेत. त्यांची रॅम व एसएमपीएस तपासल्यावरच पुढचा निर्णय घ्यावा.

प्रत्येक यंत्रावर एक लहानशी चिठ्ठी चिकटवावी. चाचणीचा दिनांक, खोलीचे तापमान, पूर्ण भाराखालील प्रोसेसरचे तापमान आणि दोहोंतील फरक एवढेच तीवर लिहावे. वर्षभराने पुन्हा मोजल्यावर फरक ३५ अंशांवरून ५० अंशांवर गेलेला दिसला, तर यंत्र बंद पडण्यापूर्वीच धूळ साचल्याचे वा पेस्ट वाळल्याचे कळेल. ही चिठ्ठी वाचणे आठवी-नववीतल्या मुलांना सहज जमेल आणि यंत्राची देखभाल करण्याची सवयही त्यांना आपोआप लागेल. संगणक दान करणाऱ्याने यंत्रासोबत ही चिठ्ठीही द्यावी आणि विकत घेणाऱ्या पालकांनी ती मागून घ्यावी. मेहनतीने जमवलेल्या पैशातून आलेली वस्तू मुलाच्या गरजेच्या दिवशी चालू असावी, यासाठी तासाभराची ही मोजदाद पुरेशी आहे.